मुद्रा आणि मुद्रिका : दूर गेलेल्या शब्दाची साक्ष

आपल्या मराठी भाषेत 'मुद्रा' या शब्दाचा संसार फार मोठा आहे. नाण्यास आपण मुद्रा म्हणतो, चेहऱ्यावरील भावास मुद्रा म्हणतो, नृत्यातील हस्तविन्यासासही मुद्राच म्हणतो. ग्रंथ छापणे म्हणजे मुद्रण. अभंगाच्या अखेरच्या चरणात संतकवी आपले नाव गोवतो, ती त्याची नाममुद्रा. एखादी गोष्ट कायमची ठरली की तिच्यावर 'शिक्कामोर्तब झाले' असे आपण सहज बोलून जातो. जुन्या पिढीतील माणसे बंद पत्रास 'लाखोटा' म्हणत, तेव्हा पत्राच्या तोंडावर वितळवून लावलेली लाख त्या शब्दात शिल्लक असे. या साऱ्या शब्दांच्या मुळाशी एक अगदी साधी कृती आहे. टणक वस्तूवर खूण कोरावयाची आणि ती मऊ पदार्थावर दाबावयाची, एवढीच ती कृती. परंतु या एवढ्याशा कृतीने मानवी व्यवहारात मोठे परिवर्तन घडविले. माणूस जेथे प्रत्यक्ष नाही तेथेही त्याचा शब्द चालू लागला.

गाव लहान असते तोपर्यंत मुद्रेचे कारण पडत नाही. तेथे माणूस माणसाला तोंडावरून ओळखतो, आवाजावरून ओळखतो, बापजाद्यांच्या नावावरून ओळखतो. माल, निरोप आणि माणसे जेव्हा ओळखीच्या शिवेपलीकडे जातात, तेव्हा प्रश्न उभा राहतो की हा माल त्याचाच कशावरून, हा निरोप खरा कशावरून, हा मनुष्य म्हणतो तोच कशावरून? मुद्रेचा इतिहास हा या प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे. आपल्या मुलखापासून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळींस तो विशेष जवळचा वाटावा, यात नवल नाही.

भारतातील मुद्रांची कथा सुरू होते ती एका चुकलेल्या तर्कापासून. हडप्पा येथे मिळालेल्या एका लहानशा मुद्रेचे चित्र अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७५ साली प्रसिद्ध केले. तिच्यावर एक पशू व काही अपरिचित अक्षरे होती. पशूला वशिंड नाही, अर्थात तो भारतीय बैल नव्हे, तेव्हा ही मुद्राही परदेशी असली पाहिजे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढे १९२१ साली दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे आणि १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे उत्खनन आरंभिले. दोन स्थळांमधील अंतर शेकडो मैलांचे, पण मुद्रा मात्र एकाच घडणीच्या! २० सप्टेंबर १९२४ रोजी जॉन मार्शल यांनी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात या शोधाची वार्ता दिली. अशा खुणा पश्चिम आशियातील उत्खननांतही आढळतात, असे तिकडील प्राच्यविद्यापंडितांनी लगोलग दाखवून दिले. भारताच्या इतिहासाला तोवर ठाऊक नसलेली दोन सहस्रके जोडली गेली, त्यात तळहातावर मावणाऱ्या या दगडी चौकोनांचा वाटा मोठा होता.

या मुद्रा बहुधा संगजिऱ्याच्या मऊ दगडाच्या असत. दगडाचा लहान चौकोन कापीत, त्यावर आकृती उलटी कोरीत, पृष्ठभागावर लेप देऊन तो भट्टीत भाजीत. त्यामुळे दगड कठीण व पांढरा होई. मागील बाजूस भोक पाडलेली गाठ ठेवलेली असे. तीतून दोरा ओवून मुद्रा जवळ बाळगता येई. समोरच्या बाजूस वर चारसहा चिन्हांची ओळ आणि खाली एखादा पशू. त्यातही एकशिंगी पशू सर्वांत अधिक वेळा आढळतो. ती लिपी सर्वमान्य रीतीने अद्याप कोणालाही वाचता आलेली नाही. नावे आपल्यासमोर आहेत आणि तरीही त्यांचा उच्चार आपल्या कानी पडत नाही.

परंतु मुद्रेचा पुढचा भाग जेथे मौन धरतो तेथे ठशाचा मागचा भाग बोलू लागतो. मुद्रा आणि तिचा ठसा या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मुद्रा मालकापाशी राहते, ठसा प्रवासाला निघतो. गाठोड्याला दोरी बांधावयाची, दोरीच्या गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापावयाचा आणि त्यावर मुद्रा दाबावयाची, अशी ही रीत होती. माती वाळली की तिला धक्का न लावता गाठ सोडणे अशक्य. गुजरातेत लोथल येथे शि. रं. राव यांनी १९५५ ते १९६२ या काळात उत्खनन केले. तेथील वखारीच्या अवशेषांत असे सुमारे ६५ मातीचे ठसे मिळाले. वखारीला आग लागली आणि जी माती एरवी पाण्यात विरघळून गेली असती ती भाजून टिकली. या ठशांच्या मागे कापडाची वीण, चटईची वळणे आणि पिळाच्या दोऱ्या स्पष्ट उमटलेल्या आहेत. चार हजार वर्षांपूर्वी कोणी कोणती गाठ मारली ते आज दिसते. ज्याचा माल होता त्याचे नाव मात्र वाचता येत नाही.

हा माल समुद्रापलीकडे जात असे. सुमेरमधील उर नगरीत सिंधू पद्धतीच्या मुद्रा सापडल्या असून सी. जे. गॅड यांनी १९३२ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेसोपोटेमियाच्या मुद्रांची तऱ्हा निराळी होती. त्या लाटण्यासारख्या गोल असत आणि मातीवर फिरवल्या की चित्रांची सलग पट्टी उमटे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अक्कद राजवटीच्या काळातील अशी एक मुद्रा आहे. तिच्यावरील लेखात मालकाचे नाव शू-इलिशु आणि त्याचा व्यवसाय मेलुहाच्या भाषेचा दुभाषा असा दिला आहे. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात. परक्या नगरात दोन भाषांच्या मध्ये उभे राहून पोट भरणारा मनुष्य या जगात नवा नाही. त्याच्या व्यवसायाला इतकी प्रतिष्ठा होती की तो मुद्रेवर कोरण्याजोगा वाटला, ही गोष्ट आम्हांस मोठी मनोज्ञ वाटते.

सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासानंतर कित्येक शतकांनी मुद्रा राज्यकारभाराचे अंग झालेली दिसते. कौटिलीय अर्थशास्त्राचे हस्तलिखित आर. शामशास्त्री यांच्या हाती आले आणि १९०९ साली त्यांनी तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. र. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून प्रकाशित केली. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यातील मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी पाहिला की आजच्या वाचकासही ओळखीचे वाटते. देशात येणाऱ्यास वा देशाबाहेर जाणाऱ्यास या अधिकाऱ्याकडून एक माषक देऊन मुद्रा, म्हणजे प्रवासाचा परवाना, घ्यावा लागे. तीवाचून फिरणाऱ्या देशवासीयास १२ पण दंड होई. परवाना खोटा निघाल्यास देशवासीयास साहसदंडांपैकी सर्वांत कनिष्ठ, तर परदेशी माणसास सर्वांत वरचा दंड सांगितला आहे. अपराध एकच, पण परक्याची शिक्षा अधिक!

जकातनाक्यावरील नियमही तितकेच काटेकोर आहेत. मालावर मुद्रा नसल्यास जकातीच्या दुप्पट, खोटी मुद्रा असल्यास जकातीच्या आठपट दंड. मुद्रा फुटलेली असल्यास व्यापाऱ्याला नाक्यावरील आवारात अडकून पडावे लागे. या तीन दंडांत कौटिल्याची सूक्ष्म दृष्टी प्रकट होते. मुद्रा नसणे हा हलगर्जीपणा असू शकतो आणि ती फुटणे हा अपघात असू शकतो. पण खोटी मुद्रा हा विश्वासाच्या मुळावर घातलेला घाव आहे. खोटे नाणे एका व्यवहाराचा घात करते, खोटी मुद्रा सगळ्याच मुद्रांविषयी संशय उत्पन्न करते.

ग्रंथातील नियम प्रत्यक्षात कसे उतरत असतील याचे चित्र बिहारमधील बसाढ, म्हणजे प्राचीन वैशाली, येथे मिळते. १९०३-०४ च्या हंगामात टी. ब्लॉख यांना तेथे गुप्तकाळातील सातशेहून अधिक मातीचे ठसे सापडले. पत्रांना व लेखांना लावलेले हे ठसे काम झाल्यावर टाकून दिले गेले होते. रद्दीच म्हणा ना! परंतु इतिहासकाराला राजाच्या प्रशस्तीपेक्षा कचेरीची रद्दी पुष्कळदा अधिक सांगते. त्या ठशांत तीरभुक्ती प्रांताच्या अधिकाऱ्यांच्या कचेऱ्या आहेत, देवस्थाने आहेत, आणि सर्वांत लक्षणीय म्हणजे श्रेष्ठी, सार्थवाह व कुलिक यांच्या निगमाची मुद्रा मोठ्या संख्येने आहे. श्रेष्ठी म्हणजे पेढीवाले, सार्थवाह म्हणजे तांडे घेऊन देशोदेशी फिरणारे व्यापारी, कुलिक म्हणजे कारागिरांचे पुढारी. निगम म्हणजे या सर्वांची संस्था. कित्येक ठशांत मातीच्या एकाच गोळ्यावर निगमाची मुद्रा आणि तिच्या शेजारी एखाद्या व्यक्तीची मुद्रा अशी जोडी आढळते.

ही जोडी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. एकट्या व्यापाऱ्याचे नाव दूरच्या नगरात कोण ओळखणार? पण त्याच्या नावाशेजारी त्याच्या मंडळींचे नाव असले की त्याच्या शब्दाला आधार मिळतो. व्यक्ती मरते, गाव सोडते, कधी वचनाला चुकते. संस्था मागे राहून तिच्या शब्दाचा भार वाहते. संस्थेने आपली खूण कोणाच्या नावाशेजारी उमटवावयाची, हा तिच्या शहाणपणाचा कस होता. ती खूण सरसकट उमटली असती तर वैशालीबाहेर तिला कोणी विचारले नसते.

याच वैशालीत एका राणीचा ठसा मिळाला आहे. महाराजाधिराज चंद्रगुप्ताची पत्नी आणि महाराज गोविंदगुप्ताची माता महादेवी ध्रुवस्वामिनी, असा तिचा परिचय त्यावर आहे. याच चंद्रगुप्ताची दुसऱ्या राणीपासून झालेली कन्या प्रभावतीगुप्ता हिच्या निमित्ताने ही कथा आपल्या विदर्भात येऊन पोहोचते. वाकाटक घराण्यात ती सून होऊन आली. पती द्वितीय रुद्रसेन अकाली निवर्तला आणि मुले लहान असल्यामुळे राज्याची धुरा तिने आपल्या हाती घेतली. नंदिवर्धन या राजधानीतून दिलेला तिचा ताम्रपट पुण्यात उपलब्ध झाला. वाकाटकांच्या इतर ताम्रपटांत वाकाटकांची वंशावळ असते. प्रभावतीगुप्तेने मात्र आरंभी आपल्या माहेरची, गुप्तांची, वंशावळ दिली आहे. पटाच्या मुद्रेवर तिने स्वतःस युवराजाची जननी म्हणविले असून तिची आज्ञा शत्रूंना शासन करणारी असल्याचे घोषित केले आहे.

नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. तेथे २०१५ ते २०१८ या काळात महाराष्ट्र शासनाचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी उत्खनन केले, तेव्हा मातीचा एक लंबगोल ठसा हाती आला. त्यावर शंखाची आकृती असून ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आहे. त्याचे वजन सात ग्रॅमही नाही. पाटलिपुत्राच्या थोर घराण्यातून शेकडो कोस दूर आलेल्या या स्त्रीने सासरचे राज्य सांभाळले आणि माहेरचे नावही सोडले नाही. दोन्ही कुळांची ही निष्ठा एका मुद्रेत कशी नांदू शकते, हे घरापासून दूर संसार थाटणाऱ्यांना वेगळे समजावून सांगावयास नको.

राजाच्या मुद्रेबरोबर राजाची प्रतिष्ठाही जोडलेली असे. बाणभट्टाने हर्षचरितात एक सुंदर प्रसंग वर्णिला आहे. हर्ष स्वारीवर निघाला असता सरस्वतीच्या तीरी गावच्या अक्षपटलिकाने, म्हणजे दप्तराच्या अधिकाऱ्याने, नवी घडविलेली वृषभचिन्हांकित सोन्याची मुद्रा त्यास अर्पण केली. राजा ती घेत असता ती हातातून निसटली, खाली पडली आणि तिची अक्षरे तीरावरील मऊ मातीत उमटली. लोकांना तो अपशकुन वाटला. राजाने मात्र मनात अर्थ लावला की ही सारी पृथ्वीच आपल्या एकट्याच्या मुद्रेने अंकित होणार. हा प्रसंग कवीचा असला तरी मुद्रेवरील बैल कवीचा नव्हे. सोनपत येथे मिळालेल्या हर्षाच्या तांब्याच्या मुद्रेवरही बसलेला बैल आहे.

पण पृथ्वी अंकित करू पाहणाऱ्या या राजाच्या राज्यातही खोटेपणा शिरला होता. उत्तर प्रदेशात मधुबन येथे मिळालेला हर्षाच्या २५ व्या राज्यवर्षाचा ताम्रपट याची साक्ष देतो. सोमकुंडका नावाचे गाव वामरथ्य नावाचा ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे बनावट दानपत्राच्या, बळावर उपभोगीत होता. चौकशीअंती राजाने ते शासन मोडून टाकले आणि गाव दुसऱ्या दोन ब्राह्मणांस दिले. या लेखाची आम्हांस विशेष किंमत वाटते ती अशासाठी, की राजाने फसवणूक लपविली नाही. खोटे शासन होते, ते मोडले, ही हकीकत नव्या शासनात नोंदवून ठेवली. चूक उघडपणे दुरुस्त केली म्हणजे मुद्रेचे मोल घटत नाही, उलट वाढते.

आतापर्यंत मातीवरच्या ठशांचा विचार झाला. आता बोटातल्या मुद्रिकेकडे वळू. मुद्रिका म्हणजे नित्य अंगावर असलेली मुद्रा. ती कोणाच्या हाती दिली म्हणजे जणू आपला हातच त्याच्या स्वाधीन केला. म्हणूनच आपल्या प्राचीन साहित्यकारांना तिच्यात कथेचे बीज सापडले. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही. ती कालिदासाने आणली. दुष्यंताची नाममुद्रा शचीतीर्थाच्या पाण्यात पडते आणि ती नाही म्हणून समोर उभी असलेली पत्नी राजाला परकी वाटते. पुढे माशाच्या पोटातून ती कोळ्याच्या हाती येते, तेव्हा राजाचे रक्षक आधी त्या गरिबालाच चोर ठरवितात. खूण हरवली म्हणून खरे माणूस नाकारले गेले. खूण सापडली म्हणून निरपराध माणूस धरला गेला. एकाच अंगठीच्या दोन्ही फेऱ्यांत माणसाकडे कोणी पाहिले नाही.

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात हाच धोका राजकारणाच्या पटावर मांडला आहे. नंदांचा अमात्य राक्षस आपले कुटुंब चंदनदास या रत्नव्यापाऱ्याच्या घरी ठेवून पाटलिपुत्राबाहेर जातो. त्या घरातील एक लहान मूल दाराबाहेर येऊ पाहते. त्याला आत ओढताना राक्षसाच्या पत्नीच्या बोटातील पुरुषी मापाची अंगठी गळून पडते आणि चाणक्याच्या हेराला सापडते. चाणक्य एक पत्र तयार करवितो, त्यावर ती मुद्रा उमटवितो, आणि राक्षसाचा आश्रयदाता मलयकेतू त्या पत्रावर विश्वास ठेवून राक्षसासारख्या एकनिष्ठ माणसाला दूर लोटतो. मुद्रा अगदी खरी होती. खोटा होता तो निरोप. मलयकेतूने मुद्रा ओळखली, पण माणूस ओळखला नाही.

याच्या उलट चित्र वाल्मीकीने सुंदरकांडात रंगविले आहे. अशोकवनात हनुमंत रामनामांकित अंगठी घेऊन आलेला असतो. पण तो ती पहिल्याच भेटीच्या क्षणी पुढे करीत नाही, आणि सीताही खूण मागून मोकळी होत नाही. हा रावणच रूप पालटून आला नसेल ना, ही शंका तिच्या मनात आहे. ती त्याला रामलक्ष्मणांच्या शरीराच्या खुणा विचारते, त्यांची गाठ कशी पडली ते विचारते. हनुमंत सारे तपशीलवार सांगतो. तिचे मन निवू लागते आणि मग अंगठी तिच्या हाती येते. परत जाताना रामासाठी ती आपला चूडामणी देते, त्याबरोबर त्या दोघांनाच ठाऊक असलेली एक जुनी आठवणही सांगते. वस्तूबरोबर आठवण दिली तेव्हाच ती खूण पुरी झाली.

या तीन कथांतून आम्हांस मुद्रेच्या इतिहासाचे सार दिसते. मुद्रा विश्वास निर्माण करीत नाही, ती विश्वासाचे वहन करते. विश्वास आधी माणसांत असावा लागतो, चौकशीने तो पारखावा लागतो, संस्थेने तो तोलून धरावा लागतो. मग तो मातीच्या एका गोळ्यावर बसून हजार कोस जाऊ शकतो. पुढे आपल्या मराठी राज्याच्या दप्तरातही पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तेथे मोर्तब करण्याची पद्धत होती, ती याच सावधपणातून. मोर्तबाखाली कोणी एक ओळही मागाहून घुसवू नये, एवढी काळजी त्या लहानशा ठशात होती.

आज मुद्रा धातूच्या राहिल्या नाहीत, मातीच्या तर मुळीच नाहीत. तथापि परगावी आलेल्या कोणा मराठी कुटुंबासाठी एखादे मंडळ चार ओळींचे ओळखपत्र लिहिते आणि खाली आपला रबरी शिक्का उमटविते, तेव्हा वैशालीच्या निगमाने पंधराशे वर्षांपूर्वी केले तेच ते करीत असते. एका नावाशेजारी ते आपले नाव ठेवते. पन्नास वर्षांत अशा किती नावांशेजारी आपल्या मंडळाचे नाव उमटले असेल! त्या शिक्क्याची अक्षरे झिजतील, शाई पुसट होईल, नवा शिक्का करून घ्यावा लागेल. परंतु त्याच्यामागची गाठ कशाची आणि ती कोणी बांधली, हे मात्र लोथलच्या ठशांप्रमाणे मागील बाजूस उमटलेलेच राहील. ती गाठ पक्की राहो, एवढीच या सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी आमची इच्छा.